चोरीची गाडी, दोन राज्यं आणि 'आमच्याकडे तशी नोंद नाही'

रंकाळ्याकाठी (धागाकर्ता)

मंडळी, आधी गोष्ट सांगतो, मग प्रश्न.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझी मोटारसायकल घरासमोरून गेली. कोल्हापूर. फिर्याद दिली, पंचनामा झाला, विम्याचे सोपस्कार झाले, विषय संपला. गेल्या महिन्यात धाकट्या मेव्हण्याचा फोन. तो सीमेपलीकडे नोकरीला आहे, माझ्या घरापासून तास-सव्वा तासाच्या अंतरावर. स्वतःच्या कुठल्याशा दाखल्यासाठी तिथल्या एका पोलीस ठाण्यात गेला होता. आवारात झाडाखाली जप्त गाड्यांचा ढीग असतो ना, त्यात त्याला एक गाडी दिसली. नंबरप्लेट वेगळी, सीट फाटलेलं, आरशाच्या दांडीवर कोळ्याचं जाळं. पण टाकीवर आमच्या लेकीनं चिकटवलेलं निळं फुलपाखरू जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी गेलो. तिथला मुद्देमाल कारकून बरा माणूस निघाला, रजिस्टर काढून बोट ठेवून दाखवलं. माझी गाडी चोरीला गेल्यापासून अठराव्या दिवशी त्यांना हायवेच्या कडेला बेवारस सापडली होती. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं ती तिथं उभी, आणि मी इकडं दर दोन महिन्यांनी "काही कळलं का साहेब?" म्हणून ठाण्याच्या पायऱ्या चढतोय. इकडचे म्हणायचे, "आमच्याकडे तशी नोंद नाही." तिकडच्यांना विचारलं तर, "आमच्याकडे तुमच्या चोरीची नोंद नाही." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

आता प्रश्न. सीसीटीएनएस म्हणून ठाण्यांना जोडणारं काही जाळं आहे असं ऐकतो, नॅटग्रिड म्हणून यंत्रणांचे माहितीसाठे जोडणारं काही ऐकतो, इंटरपोल तर सिनेमात रोज ऐकतो. एवढं सगळं असताना दोन शेजारच्या ठाण्यांना एकमेकांकडे काय आहे हे का कळत नाही? माझी गाडी सोडा, ती भंगारच आहे. पण गाडीच्या जागी माणूस असता तर? जाणकारांनी लिहावं. "खातंच तसलं" एवढंच लिहायचं असेल तर राहू दे, ते मीही लिहू शकतो.

तिरकस

फुलपाखराला युनिक आयडी द्या. बाकी यंत्रणा तयारच आहे.

बिनतारी

तेहतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली शेवटची नऊ स्थानिक गुन्हे शाखेत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तेव्हा आत्ताचं सगळं मला ठाऊक आहे असं समजू नका.

आमच्या उमेदीत गाडी चोरीला गेली की बिनतारी संदेश जायचा. जिल्ह्यातली ठाणी, शेजारचे जिल्हे, सीमेवर असाल तर पलीकडचा कंट्रोल रूम. संदेश घेणारा पोरगा तो वहीत उतरवायचा, ठाणे अंमलदार सही करायचा, आणि वही बंद. पुढे गाडी सापडली तर कोण मागची पानं चाळतंय? सापडलेल्या गाडीचा संदेशही असाच जायचा, तो दुसऱ्या वहीत. दोन वह्यांची गाठ कधी पडायचीच नाही.

त्यावर आमचा इलाज एकच, खिशातली डायरी. माझ्या डायरीत आजूबाजूच्या पाच जिल्ह्यांतल्या आणि पलीकडच्या दोन जिल्ह्यांतल्या डीबीच्या, म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या, हवालदारांचे नंबर होते. साहेबांचे नाही, हवालदारांचे. साहेब दोन वर्षांनी बदलतो, हवालदार जिल्ह्यातच राहतो. पत्र पाठवलं की उत्तराला दीड महिना; फोन केला की, "थांब, बघून सांगतो," आणि चहा संपायच्या आत उत्तर. माझे बरेचसे गुन्हे असेच उघड झाले. सीमाभागातल्या पोलिसांच्या समन्वय बैठका होतात, निवडणूक जवळ आली की जास्तच होतात. यादी देतात, यादी घेतात, जेवण चांगलं असतं. खरं काम जेवणाच्या पंगतीत होतं, तिथं डायरीत नंबर वाढतात.

आता कडू भाग. माहिती न देण्याचं कारण दरवेळी आळस नसतं. एकदा घरफोडीची टोळी शेजारच्या जिल्ह्याने पकडली. आमच्या हद्दीतले सहा गुन्हे त्यांनीच केलेले. आम्हाला कळलं तिसऱ्या आठवड्यात, तेही पेपरमधून. का? तर आधी सगळी रिकव्हरी त्यांच्या खाती दाखवून घ्यायची होती. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही कोर्टातून वॉरंट घेऊन आरोपी मागितला असता, सोनं वाटलं गेलं असतं, आढावा बैठकीत त्यांचा आकडा कमी दिसला असता. तेव्हा शिव्या घातल्या त्यांना. दोन वर्षांनी मीही तेच केलं.

डेटाबाबा

काकांनी सांगितलेल्या दोन वह्या म्हणजे आमच्या भाषेत दोन टेबलं. मी एका कंत्राटदार कंपनीकडून या प्रकारच्या पोलीस प्रकल्पावर तीन वर्षं काम केलंय, म्हणून थोडं लिहितो.

सीसीटीएनएसला केंद्राने २००९ मध्ये मंजुरी दिली, दोन हजार कोटींची. त्याआधी सीपा नावाचं सॉफ्टवेअर होतं, पण ते ठाण्यापुरतं. संगणक आला, वही तीच. सीसीटीएनएसने ठाणी एकमेकांना आणि दिल्लीतल्या एनसीआरबीला, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, जोडली. वायर आज जवळपास सगळीकडे पोचली आहे, तिला दोष देऊ नका. खोळंबा होतो तो त्या वायरीतून काय जातं यात.

नावाचं बघा. आमच्या चाचणीच्या डेटात एकच माणूस शेख, शैख, सेख आणि शेक अशा चार रूपांत होता. वडिलांचं नाव कधी पुढे, कधी गायब. पलीकडच्या राज्यात नोंद कन्नडमधून रोमनमध्ये गेलेली, आपली मराठीतून. वय 'अंदाजे ३०'. पत्ता 'फिरस्ता'. आता यातून जुळवणी करा. फार घट्ट नियम लावले तर काहीच सापडत नाही, सैल लावले तर एका नावाला चारशे माणसं येतात, आणि चारशे नावं बघायला रात्रपाळीच्या माणसाला वेळ नसतो.

म्हणून बोटांचे ठसे बरे, त्यांना स्पेलिंग नसतं. २०२२ मध्ये नाफिस, म्हणजे ठशांचा देशव्यापी साठा, सुरू झालं. अटक झालेल्या माणसाला दहा आकडी राष्ट्रीय क्रमांक मिळतो, पहिले दोन आकडे राज्याचे. एका राज्यात ठसे घेतलेला माणूस दुसऱ्या राज्यात वेगळ्या नावाने सापडला तरी ओळख पटू शकते. (जाता जाता: जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघालं. पद्धतीला नाव लागलं हेन्रीसाहेबाचं, डोकं बरंचसं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचं.)

धागाकर्ते, तुमच्या गाडीसाठी एनसीआरबीची 'वाहन समन्वय' नावाची सोय आहे. चोरीच्या आणि सापडलेल्या गाड्या तिथे नोंदणी, इंजिन आणि चासी नंबरावरून जुळवतात. मग तुमची का जुळली नाही? माझी पैज, नंबर कुठेतरी चुकलाय. फिर्यादीची प्रत काढा आणि आरसी बुकशी एकेक अक्षर ताडून बघा. 'आठ' आणि 'बी', 'शून्य' आणि 'ओ' यांनी या देशात जेवढे चोर वाचवले असतील तेवढे वकिलांनीही नसतील.

मांडवीतीर

काकांच्या डायरीवरून चार्ल्स शोभराज हा खुनी आठवला. १६ मार्च १९८६ ला तो तिहारमधून पळाला, पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून. सगळ्या देशाचे पोलीस मागावर. सापडला कुठे, तर आमच्या गोव्यात, पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात, ६ एप्रिलला. पकडला कोणी, तर मुंबईचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी. का त्यांनीच? कारण १९७१ मध्ये मुंबईत त्यांनी त्याला एकदा पकडलेलं होतं. चेहरा, सवयी, बोलायची ढब त्यांच्या डोक्यात होती. पंधरा वर्षांनीसुद्धा ती माहिती एका माणसाच्या डोक्यातच होती, हे कौतुकाचं की काळजीचं ते तुम्ही ठरवा.

आणि दहा वर्षं मागे जा. १९७६ मध्ये बँकॉकला त्याच्याविरुद्धचा पुरावा गोळा केला तो हर्मन क्निपेनबर्ग या डच वकिलातीतल्या तरुण अधिकाऱ्याने. पोलीस नव्हे, परराष्ट्र खात्यातला माणूस! एका डच जोडप्याचा खून झाला होता. वेगवेगळ्या देशांच्या पर्यटकांचे खून. प्रत्येक वकिलातीला आपल्यापुरता एक बेपत्ता माणूस दिसत होता. सगळे एका टेबलावर मांडल्यावर एकच खुनी दिसला.

तिरकस

म्हणजे आपली यंत्रणा आजही तशीच आहे: झेंडे साहेब आणि मेव्हणा.

मिडलंड्समधून

मी वीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे, शाळेच्या व्यवस्थापनात. इथे शाळेत रखवालदार म्हणून जरी रुजू व्हायचं असलं तरी पार्श्वभूमी तपासतात, आणि ते प्रशिक्षण घेताना सोहमचं प्रकरण वाचावंच लागतं. त्याबद्दल लिहितो, कारण रंकाळ्याकाठींचा 'गाडीच्या जागी माणूस असता तर' हा प्रश्न इथे घडून गेलाय.

ऑगस्ट २००२. केंब्रिजशायरमधलं सोहम हे छोटं गाव. दहा वर्षांच्या दोन मुली बेपत्ता झाल्या आणि नंतर त्यांचे मृतदेह सापडले. खुनी इयन हंटली, तिथल्याच माध्यमिक शाळेचा केअरटेकर. नऊ महिने आधी तो नोकरीला लागला होता. खटल्यानंतर बाहेर आलं ते असं: १९९५ ते १९९९ या काळात हंबरसाइड पोलिसांच्या हद्दीत या माणसाविरुद्ध आठ वेगवेगळ्या लैंगिक गुन्ह्यांचे आरोप झाले होते. शिक्षा एकाही प्रकरणात नाही. तक्रारी बहुतेक एकेक करून सुट्या बघितल्या गेल्या, आणि सुटी बघितली की प्रत्येक तक्रार कमजोरच दिसते. एकाच पोलीस दलाच्या आत ही गोष्ट! राज्यांच्या सीमा वगैरे नंतर.

मग नोकरीसाठी तपासणी. त्याने अर्जात 'निक्सन' हे दुसरं आडनाव लावलं होतं. तपासणी 'निक्सन' नावाने झाली, 'हंटली' नावाने झालीच नाही. केंब्रिजशायरने हंबरसाइडला फॅक्स पाठवला होता का, यावरसुद्धा नंतर सरकारने नेमलेल्या बिचर्ड चौकशीत काथ्याकूट झाला. आणि समजा विचारलं असतं, तरी हंबरसाइडकडे सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, कारण नोंदी पुसल्या गेल्या होत्या. सुरुवातीला त्यांनी कारण दिलं, विदासंरक्षण कायदा. बिचर्ड चौकशीने ते कारण मान्य केलं नाही. कायदा तसं काही सांगत नव्हता, यांनीच तसा समज करून घेतला होता.

२००४ मध्ये अहवाल आला, एकतीस शिफारशी. त्यातून पोलिसांचा राष्ट्रीय डेटाबेस उभा राहिला, तो चालू व्हायला २०११ उजाडलं. राष्ट्रीय संगणक त्याआधीही होता, १९७४ पासून, पण त्यात प्रामुख्याने अटक-शिक्षा वगैरे. 'या माणसाबद्दल कुजबुज आहे' ही माहिती ज्याच्या त्याच्या कपाटात. गुप्तवार्ता म्हणतात ती बहुतेकदा अशी कुजबुजच असते, हे लक्षात ठेवा.

आणखी मागचं हवं असेल तर यॉर्कशरचा पीटर सटक्लिफ. तेरा खून. पकडला जाण्याआधी पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. लीड्सच्या तपास कक्षात कागद इतके साठले की खालची जमीन भक्कम करून घ्यावी लागली. माहिती नव्हती असं कसं म्हणणार, जमीन वाकेपर्यंत होती.

शनिवारपेठी

परदेशात कशाला जाता? दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश. पुणे ऑगस्ट २०१३, कोल्हापूर फेब्रुवारी २०१५, धारवाड ऑगस्ट २०१५, बंगळुरू सप्टेंबर २०१७. दोन राज्यं. पुण्याचा तपास आधी शहर पोलिसांकडे, मग उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे. कोल्हापूरचा राज्याच्या एसआयटीकडे. कर्नाटकात आणखी वेगळी पथकं. पुंगळ्या आणि गोळ्या एकमेकींशी जुळतात का, यावरच तपास यंत्रणा आणि प्रयोगशाळा यांच्यात किती फेऱ्या झाल्या ते त्या काळचे पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल.

गाडं हललं ते २०१८ मध्ये. लंकेश प्रकरणात कर्नाटकच्या एसआयटीने अटकसत्र सुरू केलं, त्यातून आलेले दुवे महाराष्ट्रात पोचले, ऑगस्टमध्ये एटीएसने नालासोपाऱ्यात शस्त्रं आणि स्फोटकं पकडली, आणि त्याच महिन्यात सीबीआयने दाभोलकरांवर गोळ्या झाडल्याच्या आरोपाखाली अटक केली. खुनानंतर पाच वर्षांनी. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले.

मला यात दोन्ही दिसतं. देवाणघेवाण झाली की काय होतं ते, आणि ती व्हायला चौथा खून पडावा लागला तेही.

व्यवस्थापन

या उपचर्चेतले सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. विषय यंत्रणांमधल्या माहितीचा आहे, पक्षांचा नाही. त्यासाठी वेगळे धागे आहेत.

कागदीवाघ

सगळे 'माहिती दिली नाही' यावर बोलताहेत. मी उलट बाजू मांडतो: माहिती फार येते.

कारगिलनंतर ठरलं की सगळ्या यंत्रणांनी एका टेबलावर बसायचं. २००१ मध्ये आयबीच्या छत्राखाली मॅक, म्हणजे मल्टी एजन्सी सेंटर, सुरू झालं. २६/११ झालं तेव्हा ते अस्तित्वात होतं. समुद्रमार्गे येतील, हॉटेलांवर हल्ला होऊ शकतो, अशा सूचना त्याआधी मुंबईपर्यंत वेगवेगळ्या वेळी आलेल्या होत्या. राम प्रधान आणि बालचंद्रन यांच्या समितीने नेमका यावर ठपका ठेवला, की आलेल्या सूचनांची नीट छाननी करून त्यावर पुढे काय करायचं ही व्यवस्थाच धड नव्हती. सूचना पुढे ढकलली की जबाबदारी संपली. "आम्ही कळवलं होतं" असं म्हणता येतं ना! अर्ध्या सूचना तेवढ्यासाठीच लिहिलेल्या असतात. हल्ल्यानंतर सव्वा महिन्याने, ३१ डिसेंबर २००८ ला, मॅक चोवीस तास चालवायचा आदेश निघाला.

हल्ल्याआधी टेहळणी करून गेलेल्या अमेरिकन डेव्हिड हेडलीचं तर विचारूच नका. त्याच्या एका बायकोने हल्ल्याच्या आधी इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन सांगितलं होतं की हा लष्कर-ए-तोयबाच्या लोकांत वावरतो. माणूस मुंबईत येऊन ताजचं चित्रीकरण करून जात होता. माहिती घरातूनच आली आणि कुठल्याशा टेबलावर 'नवरा-बायकोचं भांडण' म्हणून बसली. त्याच अमेरिकेत २००१ च्या आधी सीआयएला ठाऊक होतं की क्वालालंपूरच्या बैठकीला गेलेले दोघे अल-कायदावाले अमेरिकेत शिरलेत. एफबीआयला नीट कळवलं कधी, तर २००१ च्या ऑगस्टअखेर. दोघेही ११ सप्टेंबरला विमानात होते.

माझं म्हणणं इतकंच, की आणखी एक पोर्टल काढून हे सुटत नाही. २०२५ च्या जानेवारीत भारतपोल आलं, सीबीआयचं, जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला इंटरपोलकडे विनंती पाठवता यावी म्हणून. चांगलंच आहे. पण वाचणारा कोण? त्याच्या हाताखाली किती माणसं?

डेटाबाबा

बरोबर, पण एक अपवाद सांगतो. सायबर फसवणुकीत १९३० या हेल्पलाइन नंबरला फोन केला की तुमची तक्रार बँकांपर्यंत लगोलग जाते आणि पैसा खात्यात अडकला असेल तर गोठवता येतो. राज्य कुठलं, हद्द कुणाची, हे नंतर. म्हणजे जमतं. पैसा तासाभरात हातचा जातो आणि समोर बँक असते, म्हणून जमतं. झाडाखालच्या गाडीला कसली घाई?

सांजवारा

सगळं वाचलं. मी पारधी वस्त्यांवर मुलांच्या शाळेचं काम करते, बारा वर्षं झाली. इथे प्रत्येकाचा एकच सूर आहे, माहिती सगळीकडे पोचली पाहिजे. मी वस्तीवरून बघते तेव्हा उलटं दिसतं. आमच्याकडची माहिती सगळीकडे पोचलेलीच असते.

वस्तीवरच्या एका मुलाचं सांगते. एकोणीस वर्षांचा असताना संशयावरून उचलला, आठ महिने आत, पुढे निर्दोष सुटला. कोर्टाचा कागद त्याच्या आईने गादीखाली पिशवीत जपून ठेवलाय. त्यानंतर चार वर्षांत तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतले पोलीस त्याला न्यायला आले. एकदा तर ज्या रात्रीच्या चोरीसाठी आले, त्या रात्री तो माझ्याच शाळेत कार्यक्रमाच्या खुर्च्या उचलत होता. फोटो होते म्हणून सुटला. त्याचं नाव यादीत आहे, चेहरा कुठल्यातरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे. बिनतारी काका, तुमच्या डायरीत जसे हवालदारांचे नंबर, तशीच यांची नावं कुणाच्या तरी डायरीत.

याला मोठा इतिहास आहे. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात ठगांच्या वंशावळ्याच लिहून काढल्या होत्या. १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा आला, अख्ख्या जमातींची नोंद, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या आत वसाहत होती, त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. देशाला स्वातंत्र्य मिळालं १९४७ ला, या लोकांना ३१ ऑगस्ट १९५२ ला. गुन्हेगारीच्या माहितीची देवाणघेवाण म्हणतात त्याचा हाही एक पूर्वज आहे.

आता २०२२ चा नवा ओळख कायदा. ठसे, फोटो, बुबुळं, नोंद पंचाहत्तर वर्षं. कायद्यात लिहिलंय की आधी शिक्षा न झालेला माणूस सुटला, अपिलांसकट सगळं संपलं, तर नोंद नष्ट करायची, कोर्टाने वेगळं सांगितलं नसेल तर. ठीक. पण तोवर ती नोंद ज्या पाच जिल्ह्यांनी उतरवून घेतली, त्यांना 'आता खोडा' हे कोण कळवतं? अटकेची बातमी त्याच रात्री जाते. सुटकेची बातमी कुठल्या बिनतारीवरून जाते?

बिनतारी

ताई, बरोबर बोललात. तशी बातमी जात नाही. माझ्या तेहतीस वर्षांत 'अमुक निर्दोष सुटला, यादीतून काढा' असा संदेश मी एकदाही उतरवला नाही, पाठवलाही नाही. हिस्ट्रीशीट, म्हणजे सराईत म्हणून ठेवलेली नोंद, उघडायला एक दिवस लागतो. बंद करायला वरची परवानगी लागते, आणि उद्या तोच सापडला तर 'बंद का केली' हे सही करणाऱ्याला विचारतात. मग कोण करणार सही?

पण एक आमच्याही बाजूने. तो इंग्लंडचा माणूस बघा. त्यालाही आठपैकी एकाही वेळी शिक्षा नव्हती. तुमच्या नियमाने त्याचंही सगळं खोडलं असतं.

सांजवारा

काका, फरक आहे. त्याच्याविरुद्ध आठ वेगवेगळ्या तक्रारी त्याच्याबद्दल होत्या, त्याने काय केलं याबद्दल. माझ्या वस्तीवरच्या त्या मुलाविरुद्ध एक अटक आणि एक आडनाव आहे. पुढच्या तिन्ही वेळा पहिल्या नोंदीमुळेच आले, आणि आता बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, 'बघा, चार वेळा उचललाय'. एकाच पाण्यात चार वेळा बादली बुडवली म्हणजे चार विहिरी होत नाहीत.

मिडलंड्समधून

सांजवारा, हे फार नेमकं. इथे म्हणूनच प्रत्येक गुप्तवार्तेला दर्जा लावतात: सांगणारा कितपत भरवशाचा, त्याला हे स्वतः कळलंय की ऐकीव, आणि पुढे कुणाला देता येईल. म्हणजे कुजबूज पुढे गेली तरी 'ही कुजबूज आहे' हे लेबल तिच्यासोबत जातं. निदान जायला हवं. कृष्णवर्णीय पोरांच्या बाबतीत इथेही लेबल वाटेत गळून पडतं, लंडनमधल्या टोळ्यांच्या यादीवरून बरंच रामायण झालं.

बिनतारी

आमच्याकडेही खबऱ्याची बातमी लिहिताना 'खात्रीलायक' असं लिहितात. प्रत्येक बातमीला तेच लिहितात, हा भाग वेगळा. 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की' ही ओळ मी झोपेतही लिहू शकेन. बातमीदार खरा असला की आम्ही ती बातमी दुसऱ्या जिल्ह्याला द्यायचोच नाही. त्यांच्यातला एकजण फुटला तर माझा माणूस मारला जातो. तेव्हा जी उत्तम माहिती असते ती देत नाही आणि जी यादीतली शिळी असते ती सगळ्यांना वाटतो. आज ताईंचं वाचून हे पहिल्यांदा असं डोक्यात आलं.

रंकाळ्याकाठी (धागाकर्ता)

चार दिवस बाहेरगावी होतो. धागा माझ्या गाडीला कुठच्या कुठे घेऊन गेला, पण चांगला गेला. सांजवारा यांच्या प्रतिसादावर काय लिहावं ते सुचत नाहीये, दोनदा वाचलाय.

गाडीची प्रगती. डेटाबाबा, पैज जिंकलात, पण अर्धीच. माझ्या फिर्यादीत इंजिन नंबरातला 'बी' हा 'आठ' झालाय, आरसीच्या झेरॉक्सवर खरंच आठसारखा दिसतो. आणि तिकडच्या नोंदीत चासी नंबरातलं एक अक्षर कमी आहे, कारण चोराने तिथे कानस मारली होती आणि लिहिणाऱ्याने दिसलं तेवढं लिहिलं. म्हणजे चूक दोन्हीकडे एकेक, आणि जुळवणी करणारा संगणक दोघांशीही प्रामाणिक.

खरी गंमत पुढे. इकडच्या ठाण्यातल्या साहेबांनी फाइल बघून विचारलं, "विमा घेतला का?" म्हटलं, घेतला, मागच्या वर्षी पैसे आले. "मग गाडी तुमची कशी?" बरोबर आहे. क्लेमच्या वेळी २८, २९, ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून, दोन्ही किल्ल्यांसकट सगळं कंपनीला दिलंय. गाडी आता त्यांची. मी विमा कंपनीला ईमेल केला, गाडी अमुक ठिकाणी आहे, येऊन न्या. काल उत्तर आलं: "सदर वाहनाबाबत आमच्याकडे कोणतीही नोंद आढळून येत नाही."

तिरकस

मी दोन मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून शांत बसलो.

बिनतारी

क्लेम नंबर आणि गाडीचा जुना नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. आमच्या शाखेतला एकजण निवृत्त होऊन विमावाल्यांची तपासणीची कामं करतो. इथे टाकू नका, मी त्याला उद्या सकाळी फोन लावतो.